पान्यावर पैसे घाला, पहारीवर नको

बेळगावच्या उद्यमबाग या औद्योगिक वसाहतीत एखाद्या जुन्या फिटरची पेटी बघा. हातोड्याला बाभळीचा दांडा, तोही स्वतः बसवलेला. रिंग पाने, म्हणजे नटाला सगळीकडून वेढणारे बंद तोंडाचे पाने, मात्र नावाजलेल्या कंपनीचे, पुसून ठेवलेले. ही खर्चाची वाटणी पूर्णपणे शास्त्राला धरून आहे.

१३ नंबरचा, म्हणजे समोरासमोरच्या सपाट बाजूंमध्ये १३ मिलिमीटर भरणारा नट घ्या. त्याची एक बाजू साधारण साडेसात मिलिमीटर भरते. उघड्या तोंडाच्या पान्यावर नटापासून १५ सेंटिमीटरवर हात ठेवून २० किलोचा जोर लावला, तर तो नटाच्या समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांवर येतो. तिथल्या दोन जोरांच्या रेषांमधलं अंतर नटाच्या एका बाजूएवढं, म्हणजे हाताच्या अंतराच्या विसावा हिस्सा, म्हणून प्रत्येक कोपऱ्यावर ४०० किलो! रिंग पान्यात तोच जोर सहा ठिकाणी वाटला जातो, प्रत्येकी १३० किलोच्या आसपास. चांगल्या रिंगचा आतला आकार असा काढलेला असतो की पकड कोपऱ्यावर न येता सपाट बाजूवर येते. हलक्या पान्याचं माप ढिलं आणि पोलाद मऊ. जोर आला की तोंड फाकतं, पाना सटकतो, नट गोल होतो, बोटं सोलतात. ४० नगांचा स्वस्त डबा घेण्यापेक्षा १०, १२, १३, १४ आणि १७ नंबरचे उत्तम रिंग पाने घ्यावेत, असं मी ठामपणे सांगेन.

पान्यावरचा 'क्रोम व्हॅनेडियम' हा शिक्का पुरेसा नाही. पोलाद तेच असलं तरी त्याला पाणी कसं दिलं, यावर सगळं ठरतं. हुक्केरी-संकेश्वरच्या ऊसपट्ट्यात लोहार ट्रकच्या स्प्रिंगच्या जुन्या पाट्याचा कोयता घडवतो, तेव्हा हे उघड दिसतं. पातं ८०० अंशांच्या आसपास लाल होतं. ७७० अंशांच्या पुढे त्याला लोहचुंबक चिकटत नाही. या वेळी कार्बन लोखंडात विरघळलेला असतो. धार झटकन पाण्यात बुडवली की तो आतच अडकतो आणि पोलाद काचेसारखं कडक, पण ठिसूळ होतं. मग चिवटपणासाठी पुन्हा हलकी आच द्यायची. घासून उजळलेल्या पात्यावर फिकट पिवळा रंग आला की सुमारे २२० अंश, निळा आला की ३००. हा रंग अचूक ओळखणाऱ्या लोहाराचा कोयता मी दुकानातल्या चकचकीत कोयत्यापेक्षा केव्हाही घेईन. कारखान्यातल्या पान्यावर क्रोमचा मुलामा असतो, आतलं काही कळत नाही. जास्तीचे पैसे जातात ते हे काम नीट झाल्याच्या भरवशासाठी. पक्कड आणि स्क्रू ड्रायव्हर यांनाही हेच लागू.

घण आणि पहार यांचं काम वजनावर चालतं, तिथे साधा माल पुरतो. हातोड्याचं तोंड मात्र फाजील कडक नको, कपची उडून डोळ्यात जाते. छिन्नीचं डोकं मुद्दाम मऊ ठेवतात ते याचसाठी. ठोकून फुललेली त्याची कड ग्राइंडरवर काढत जावी.

हॅक्सॉची, म्हणजे लोखंड कापायच्या करवतीची, फ्रेम कसलीही चालेल, ब्लेड हाय स्पीड स्टीलचं घ्या. साधं कार्बन पोलाद २०० अंशांपुढे मऊ पडू लागतं, हाय स्पीड स्टील ५५० अंशांपर्यंत दात टिकवतं.