मूठ पिळून वायर तुटत नाही

श्रावणातल्या एका सोमवारी त्र्यंबकहून परतताना, महिरावणीच्या अलीकडे माझ्या जुन्या कार्बोरेटरवाल्या मोटारसायकलची मूठ एकदम हलकी झाली. पिळली तर नुसतीच गरगर फिरतेय, इंजिन आपलं संथ फटफटतंय. एक्सलेटरची वायर, म्हणजे मुठीपासून कार्बोरेटरपर्यंत (इंजिनाला पेट्रोल-हवा मिसळून देणारा भाग) जाणारी पोलादी दोरी, तुटली होती. भिजत भिजत पंक्चरच्या टपरीपर्यंत ढकलत आणली. तिथे चहा पीत उभ्या असलेल्या काकांनी लगेच निदान केलं, "शनिवारी लिंबू-मिरची बदलली नसणार." दुसरे म्हणाले, "आजकाल मूठ किती जोरात पिळतात! तुटणारच."

लिंबाचा या वायरशी संबंध आलाच तर रस गळून तिला गंज धरण्यापुरता. दुसऱ्या काकांचं म्हणणं मात्र भल्याभल्यांना पटतं, म्हणून ते तपासायला हवं.

वायर म्हणजे एकच तार नव्हे. मधे एक, तिच्याभोवती सहा, त्यांच्याभोवती बारा, अशा एकोणीस बारीक तारांचा पीळ असतो (काही गाड्यांत कमी). आडव्या छेदात पाच तारा ओळीने बसतात. म्हणजे दोरी सव्वा मिलिमीटरची असेल तर एकेक तार पाव मिलिमीटरची. एवढी पोलादी दोरी सरळ ओढली तर १०० किलोंहून जास्त वजन पेलते. मूठ पिळताना तिच्यावर येणारी ओढ काही किलोंचीच. मग तुटते कशी?

वाकून. तार वाकते तेव्हा बाहेरची कड ताणली जाते, आतली दबते. हा ताण किती, याचं सूत्र सोपं आहे: तारेच्या निम्म्या जाडीला वळणाच्या त्रिज्येने भागायचं. मुठीतल्या २० मिलिमीटर त्रिज्येच्या वळणावर पाव मिलिमीटरची तार ०.१२५ भागिले २०, म्हणजे साधारण ०.६ टक्के ताणली जाते. पोलाद ते सोसून परत सरळ होतं. तिथे सव्वा मिलिमीटरची एकच भरीव तार असती तर ताण पाचपट, ३ टक्क्यांच्या वर गेला असता आणि ती पहिल्याच दिवशी वाकडी होऊन बसली असती. एकोणीस तारांचा खटाटोप यासाठीच.

आता खरी गोम. वायरच्या टोकाला शिशासारखा दिसणारा छोटा मणी असतो, तो निपल. मूठ फिरली की निपलने आपल्या खाचेत थोडं फिरायला हवं. खाच कोरडी पडली, धूळ-गंज बसला की निपल अडकतो आणि सगळं वाकणं त्याच्या तोंडाशी, एकाच जागी होतं. त्रिज्या २० वरून ५ मिलिमीटरवर आली की ताण चौपट. दिवसाला दोनशे वेळा मूठ फिरते असं धरलं तरी वर्षाला सत्तर हजारांवर वाकणी झाली. एकेका तारेत सूक्ष्म चीर पडते, वाढत जाते आणि एक दिवस तार तुटते. धातूच्या या थकव्याचा पद्धतशीर अभ्यास एकोणिसाव्या शतकात जर्मनीत ऑगस्ट व्योलर यांनी केला, तो रेल्वेच्या चाकांचे आस अकारण तुटत होते म्हणून.

तुटलेलं टोक मी घरी आणून भिंगाखाली पाहिलं. अकरा तारांची टोकं काळी पडलेली, आठांची चकचकीत. अकरा जणी आधीच गेल्या होत्या. त्या सोमवारी फक्त उरलेल्या आठ सुटल्या.

रस्त्यावर मात्र भिंग कामाचं नाही. वायर तुटताच कार्बोरेटरमधली स्प्रिंग स्लाइड (हवेची वाट कमी-जास्त करणारा दट्ट्या) खाली दाबते, म्हणून गाडी सुसाट न सुटता रांगते. टपरीवाल्याने कार्बोरेटरवरचा आयडलिंगचा (मूठ सोडल्यावर इंजिन किती वेगाने फिरावं हे ठरवणारा) स्क्रू आत पिळत नेला. हा स्क्रू स्लाइडला खालून टेकू देतो. रेस इतकी वाढवली की दुसऱ्या गिअरमध्ये सायकलच्या वेगाने सातपूर गाठता आलं. यात एकच भान ठेवायचं: ब्रेक दाबला तरी इंजिन पुढे ओढतच राहतं, म्हणून क्लच आधी.

आधी मी तुटक्या वायरला गाठ मारायला निघालो होतो. गाठीतलं वळण २ मिलिमीटरचं, ताण सहा टक्के. तारा तिथेच उकलल्या. त्यापेक्षा घरातल्या वायरिंगच्या कनेक्टरमधली पितळी नळी काढून, तिचा स्क्रू वायरवर आवळून निपल बनवता येतो. वायर तेवढी आखूड होते, म्हणून ॲडजस्टर (वायरची ढील कमी-जास्त करणारा स्क्रू) पूर्ण आत घ्यायचा आणि गाडी न्यूट्रलला चालू ठेवून हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून बघायचं. वळवताना रेस चढली तर वायर अजून ताठ आहे, तशी गाडी काढू नये.

एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ (धुराच्या प्रदूषणाचे कडक नियम पाळणाऱ्या) गाड्यांत बहुतेक ठिकाणी कार्बोरेटरच नाही, इंधन मोजून सोडणारा संगणक आहे. तिथे स्क्रूचा टेकू चालत नाही. वायर मात्र अनेक गाड्यांत तीच.

आणि वायरमध्ये खोबरेल तेल सोडणाऱ्यांसाठी: ते २४ अंशांच्या आसपास गोठायला लागतं. निफाडला जानेवारीत पारा दहा अंशांच्या खाली जातो, तेव्हा पहाटे मूठ सोडली तरी रेस उतरत नाही. तसं झालं तर क्लच दाबा आणि चावी बंद करा. निपलला इंजिन ऑइलचा एक थेंब पुरतो.