मोठ्यांच्या फ्लू लसीमागचा इतिहास

बेळगावात टिळकवाडीच्या ज्या गर्द आवारात लोक सकाळी फिरायला जातात, त्याला सगळे व्हॅक्सिन डेपो म्हणतात. एकेकाळी तिथे वासरांच्या अंगावर देवीची लस तयार होत असे. सीमाभागातल्या आजी-आजोबांच्या दंडावर त्या लसीचे व्रण अजून दिसतात. लस लहानपणी एकदा टोचली की काम झाले, ही समजूत त्या व्रणांइतकीच पक्की आहे आणि फ्लूच्या लसीची गाडी नेमकी तिथेच अडते.

मोठ्यांनाही फ्लूपासून जपावे लागते, हे 1918 च्या साथीने दाखवून दिले. बेळगाव तेव्हा मुंबई इलाख्यात होते. जूनमध्ये मुंबई बंदरातून शिरलेली ही साथ, जिला मराठीत मानमोडी म्हणत, देशभर पसरली, एक कोटीहून अधिक माणसे दगावली आणि त्यांत ऐन विशी-तिशीतले पुष्कळ होते. माणसातला फ्लूचा विषाणू हाती लागला तो 1933 मध्ये, तर अमेरिकेत सामान्य नागरिकांसाठी लस आली 1945 मध्ये. 1957 च्या साथीनंतर, 1960 मध्ये, तिथे पासष्टीपुढचे, जुनाट आजार असलेले आणि गरोदर स्त्रिया यांना ती दरवर्षी घेण्याची शिफारस झाली.

आपल्याकडे मात्र फ्लू बराच काळ 'थंडी-ताप' या एकाच नावाखाली झाकला गेला. ऑगस्ट 2009 मध्ये पुण्यात स्वाइन फ्लूचा देशातला पहिला बळी गेला, तेव्हा ज्यांची मुले पुण्यात शिकायला किंवा नोकरीला होती, अशा इकडच्या घरांना तो आजार परका वाटणे शक्यच नव्हते. 2010 मध्ये भारतीय बनावटीच्या लसी आल्या; पुढे केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या मार्गदर्शक सूचनांत आरोग्य कर्मचारी, गरोदर स्त्रिया, वृद्ध आणि मधुमेह, दमा, हृदयविकार यांसारखे आजार असलेले यांचा उल्लेख झाला.

लस कधी घ्यावी, यावर मात्र गोंधळ होतो. विषाणू सतत रूप पालटतो, म्हणून जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा, उत्तर गोलार्धासाठी फेब्रुवारीत आणि दक्षिण गोलार्धासाठी सप्टेंबरमध्ये, लसीतले घटक सुचवते. भारत उत्तर गोलार्धात असला तरी खानापूर-बेळगावसारख्या पावसाळी भागात फ्लू पावसाबरोबर वाढतो, आणि टोचल्यावर प्रतिकारशक्ती तयार व्हायला साधारण दोन आठवडे लागतात. म्हणून 'हिवाळ्याआधी लस घ्या' हा मोबाईलवर फिरणारा परदेशी सल्ला इथे अर्धाच लागू पडतो; एप्रिल-मे अधिक सोयीचा.

प्रौढांसाठी ही लस सरकारच्या नेहमीच्या मोफत लसीकरणात नाही, त्यामुळे बहुतेकांना ती खासगी दवाखान्यात पदरचे पैसे मोजून घ्यावी लागते, आणि तीही दरवर्षी.