जमिनीलगतचा ओझोन आणि दमा

हवेच्या सर्वांत खालच्या थरात, म्हणजे आपण श्वास घेतो त्याच उंचीवर साचणारा ओझोन. खूप उंचावरच्या स्थितांबर या थरात हाच वायू अतिनील किरण अडवतो. नाकातोंडाशी आला की श्वासनलिकांचा दाह करतो.

तो कुठल्या धुराड्यातून थेट बाहेर पडत नाही. वाहने व वीजकेंद्रांतून येणारा नायट्रोजन डायऑक्साइड उन्हात फुटतो, सुटलेला ऑक्सिजनचा अणू हवेतल्या ऑक्सिजनशी जुळून ओझोन बनतो. एरवी नायट्रिक ऑक्साइड त्याला पुन्हा संपवतो. पण पेट्रोलच्या वाफा, रंगातले थिनर अशी बाष्पनशील सेंद्रिय संयुगे हवेत असली, तर नायट्रिक ऑक्साइड त्यांच्या मूलकांशी (चटकन अभिक्रिया करणाऱ्या तुकड्यांशी) गुंततो आणि ओझोन साठत जातो. लॉस एंजेलिसच्या धुरक्यामागची ही प्रक्रिया रसायनशास्त्रज्ञ आरी हागेन-स्मिट यांनी १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला उलगडली.

म्हणूनच सकाळच्या गर्दीत नव्हे, तर दुपारी साधारण १ ते ४ दरम्यान ओझोन सर्वाधिक असतो. भर चौकापेक्षा वाऱ्याच्या दिशेच्या उपनगरात तो अनेकदा जास्त भरतो, कारण चौकातला ताजा नायट्रिक ऑक्साइड त्याला खातो. २०२० च्या टाळेबंदीत रस्ते रिकामे असूनही अनेक शहरांत ओझोन वाढला, त्यामागे हे एक मुख्य कारण होते. फक्त नायट्रोजनची ऑक्साइडे कमी करून भागत नाही, ते यामुळेच.

ओझोन पाण्यात फारसा विरघळत नाही. त्यामुळे नाक-घशात न अडकता तो बारीक श्वासनलिकांपर्यंत जातो, तिथल्या अस्तराशी अभिक्रिया करतो आणि दाह सुरू होतो. खोकला येतो, खोल श्वास घेताना छातीत दुखते. दमेकऱ्याच्या नलिका आधीच संवेदनशील. त्यांत परागकणांसारख्या ॲलर्जीकारकांना मिळणारा प्रतिसादही वाढतो. दाह दुसऱ्या दिवशीही टिकतो, म्हणून आजच्या त्रासाचे मूळ कालच्या दुपारीही असू शकते. धावताना तोंडाने भरभर श्वास घेतल्याने मात्रा आणखी वाढते. मैदानावर खेळणाऱ्या मुलांची काळजी सर्वांत जास्त घ्यायला हवी ती यासाठी.

१९९६ च्या अटलांटा ऑलिम्पिकमध्ये वाहतूक घटली, तेव्हा ओझोनचा दैनिक उच्चांक सुमारे २८ टक्क्यांनी उतरला आणि एका नोंदीत दम्यासाठीच्या तातडीच्या भेटी सुमारे ४२ टक्क्यांनी घटल्या. हे उदाहरण फार सांगितले जाते. मात्र पुढच्या विश्लेषणात त्या काळात आसपासच्या प्रदेशातही ओझोन उतरला होता असे दिसले, त्यामुळे सारे श्रेय वाहतुकीला देणे घाईचे ठरेल.

भारतात २००९ च्या मानकानुसार मर्यादा ८ तासांच्या सरासरीला १०० आणि १ तासाला १८० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर आहे.

दमेकऱ्याने उन्हाळ्यात व्यायाम सकाळी उरकावा, दुपारी खिडक्या लावून घरात राहावे. आत ओझोन बराच कमी असतो. रोजचा प्रतिबंधक इनहेलर चुकवू नये, तातडीचा जवळ ठेवावा. एन-९५ मास्क कण अडवतो, ओझोन वायू अडवत नाही. आणि ओझोन सोडून हवा ‘शुद्ध’ करणारे यंत्र दमेकऱ्याच्या खोलीत मुळीच लावू नये.