श्वास कोंडणे (लहान मुलांमधील)

रागाने, हट्टाने, भीतीने किंवा दुखल्यामुळे रडू लागलेल्या लहान मुलाचा श्वास काही सेकंद थांबणे, ते निळे किंवा पांढरेफटक पडणे आणि कधीकधी त्याची शुद्ध हरपणे, म्हणजे श्वास कोंडणे. साधारणपणे सहा महिने ते सहा वर्षे या वयात हा प्रकार दिसतो; दीड-दोन वर्षांच्या आसपास सर्वाधिक. निरोगी मुलांपैकी सुमारे ५ टक्क्यांपर्यंत मुलांमध्ये तो आढळतो आणि पुष्कळदा आईवडिलांपैकी कुणालातरी लहानपणी तसेच झालेले असते. मूल हे मुद्दाम करत नाही. ही एक प्रतिक्षिप्त क्रिया असून तिच्यावर त्याचा ताबा नसतो.

पडवीत खेळणाऱ्या मुलाच्या हातातून आजीने अडकित्ता काढून घेतला, की ते एकदोनदा किंचाळते, छातीतला सगळा श्वास बाहेर जातो, तोंड उघडेच राहते. पण आवाज फुटत नाही. ओठ निळे पडतात, मान मागे जाते, अंग ताठ होते किंवा लुळे पडते, हातापायांना एखाददुसरा झटकाही येतो. मग मूल दीर्घ श्वास घेते आणि सावरते. हे सगळे बहुधा मिनिटभरात आटोपते. दुसऱ्या प्रकारात निमित्त अचानक बसलेल्या धक्क्याचे असते: जांभ्याच्या पायरीवर डोके आपटते आणि मूल फारसे न रडताच पांढरे पडते. मेंदूकडून हृदयाकडे जाणाऱ्या व्हेगस मज्जातंतूमुळे हृदयाचे ठोके क्षणभर मंदावल्याने असे होते.

याला फिट समजण्याची चूक सहज होते. इथे आधी निमित्त, मग रडणे, मग रंग बदलणे आणि शेवटी शुद्ध जाणे असा क्रम असतो. फिट बहुधा निमित्ताशिवाय, झोपेतसुद्धा येते.

मुलाला खांद्यावर टाकून ओटीवर धावत सुटणे ही घाबरलेल्या माणसाची पहिली हालचाल. त्याऐवजी त्याला सपाट जागी कुशीवर निजवावे. आडवे ठेवल्याने मेंदूकडे रक्त पोचायला मदत होते. तोंडातला घास दिसत असेल तरच काढावा, बोट घालून चाचपू नये. कांदा फोडून हुंगवणे, चप्पल नाकाशी धरणे, पाण्याचा हबका मारणे यांचा उपयोग नाही. जोराने हलवणे तर घातक आहे, त्याने मेंदूला इजा होऊ शकते. गणपतीत घर चाकरमान्यांनी भरलेले असताना मुलाभोवती कोंडाळे होते. ते आधी पांगवावे. दृष्ट काढायची असेल तर मूल शांत झाल्यावर काढावी, त्यापायी डॉक्टरांकडे जायला उशीर मात्र होऊ नये.

खरी कसोटी त्यानंतरची. आईवडील मुंबईला आणि नातवंड गावी असेल, तर आजीआजोबांवर जबाबदारीचे दडपण मोठे असते आणि भीतीपोटी मूल मागेल ते हातात दिले जाते. ही भीती समजण्याजोगी आहे, तरीही नाकारलेला अडकित्ता नाकारलेलाच राहिला पाहिजे. मुलाला जवळ घ्यावे, रागावू नये, पण शब्द फिरवू नये. भूक आणि अपुरी झोप यांनी हट्ट वाढतात, म्हणून जेवणझोपेच्या वेळा सांभाळाव्यात.

लोहाच्या कमतरतेशी या प्रकाराचा संबंध आहे; लोह दिल्यावर अनेक मुलांत ही वेळ कमी येते. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९–२१) भारतातील ६ ते ५९ महिन्यांची ६७.१ टक्के मुले रक्तक्षयग्रस्त आढळली, म्हणून रक्ततपासणी टाळू नये. ‘ॲनिमिया मुक्त भारत’ कार्यक्रमात या वयाला आठवड्यातून दोनदा १ मिलि लोहयुक्त सिरप देतात, त्यात २० मिलिग्रॅम लोह असते. उपचाराची मात्रा वेगळी, ती डॉक्टरच ठरवतात. लोह मिळावे आणि अंगी लागावे यासाठी मासळी, कुळथाची पिठी, जेवणात पिळलेले लिंबू हे घरचेच आहे. चहात बुडवलेले बटर मात्र मुलाला देऊ नये; चहामुळे लोह कमी शोषले जाते.

पहिल्यांदा असे झाले, मूल सहा महिन्यांहून लहान असले, न रडताच किंवा धावताना शुद्ध गेली, किंवा घराण्यात कुणाचा तरुणपणी अचानक मृत्यू झाला असेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवावे. हृदयाच्या लयीतला दोष नाही ना, हे ईसीजीने कळते. मिनिटाहून अधिक काळ श्वास परतला नाही तर १०८ ला फोन करावा. घरात दुसरे कुणी असेल तर त्याने मोबाइलवर चित्रण करावे. निदानासाठी डॉक्टरांना ते तोंडी वर्णनापेक्षा जास्त उपयोगी पडते.