थोरातांचा कागद

ऑक्टोबर उजाडला की १९६२ च्या चीनशी झालेल्या युद्धाचा विषय निघतो. कोल्हापुरात तो निघाला की एक वाक्य हमखास कानावर पडतं, "आपल्या जनरल थोरातांनी आधीच सांगितलं होतं." वाक्य खरं आहे. पण ते इतक्यांदा बोललं गेलंय की आता त्याला भविष्यवाणीचा वास येतो. मला ते सलतं, कारण थोरातांनी जे मांडलं तो रस्त्यांचा, खेचरांचा आणि शिध्याचा हिशेब होता, आणि त्यामागे तीस-पस्तीस वर्षांची नोकरी होती.

शंकरराव पांडुरंग पाटील थोरात यांचा जन्म १९०६ चा, वडगावचा. म्हणजे हातकणंगले तालुक्यातलं पेठ वडगाव, जनावरांच्या बाजाराचं आणि सेनापती धनाजी जाधवांच्या समाधीचं गाव. सँडहर्स्टला शिकून १९२६ साली ते लष्करी अधिकारी झाले. सँडहर्स्टचे दरवाजे हिंदी तरुणांना उघडले तेव्हा वर्षाला जागा होत्या दहा. उत्तीर्ण होऊन आलेल्यांसाठीही इंग्रजांनी निवडक आठ पलटणी काढून ठेवल्या होत्या, म्हणजे गोऱ्या अधिकाऱ्यांवर हिंदी माणसाचा हुकूम चालायला नको. हिंदी अधिकारी लढाईत पलटण चालवू शकेल का, ही शंका त्या व्यवस्थेच्या मुळाशीच होती.

तिचं उत्तर १९४५ च्या जानेवारीत, ब्रह्मदेशातल्या आराकान किनाऱ्यावर कांगावला मिळालं. माघार घेणाऱ्या जपान्यांचा रस्ता तोडायचा होता. तिथल्या ५१ व्या ब्रिगेडच्या तिन्ही पलटणींचे प्रमुख हिंदी होते: पुढे लष्करप्रमुख झालेले थिमय्या, एल. पी. सेन आणि थोरात. थोरातांकडे २/२ पंजाब ही पलटण होती. टेकड्यांसाठी झालेली ती झुंज फार रक्तरंजित होती. तिघांनाही डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस ऑर्डर मिळाली. थिमय्या आणि थोरात ही जोडी इथून पुढे वारंवार एकत्र दिसते.

१९५३ साली ती कोरियात दिसली. युद्धविराम झाला होता, पण मायदेशी परत जायला नकार देणाऱ्या बावीस हजारांवर चिनी आणि कोरियन युद्धकैद्यांचं काय करायचं, हा प्रश्न होता. तटस्थ राष्ट्रांच्या आयोगाचे अध्यक्ष थिमय्या झाले आणि कैद्यांची राखण करणाऱ्या भारतीय फौजेचे प्रमुख मेजर जनरल थोरात. दक्षिण कोरियाच्या अध्यक्षांचा राग इतका की भारतीय सैनिकांचे पाय आपल्या भूमीला लागू द्यायलाच ते तयार नव्हते. शेवटी आपल्या जवानांना हेलिकॉप्टरनं निर्लष्करी पट्ट्यात उतरवावं लागलं. तिथं त्यांनी वसवलेल्या छावणीला नाव दिलं हिंद नगर. कैद्यांच्या टोळ्या होत्या, त्यांचे म्होरके होते. एकदा चिनी कैद्यांनी आपल्या एका मेजरला आत ओढून नेऊन डांबलं. बाहेर बंदुका रोखून जवान उभे. थोरात नि:शस्त्र आत गेले, बोलत बसले आणि आपला अधिकारी घेऊन बाहेर आले. त्या कामगिरीसाठी त्यांना अशोकचक्र, वर्ग दोन मिळालं, ज्याला आज आपण कीर्तिचक्र म्हणतो. मला तर कांगावपेक्षाही हा प्रसंग मोठा वाटतो. हाती फौज असताना गोळी न चालवता काम करून दाखवणं हे वेगळंच धैर्य.

१९५७ साली ते पूर्व विभागाचे प्रमुख झाले, मुख्यालय लखनौ. १९५९ हे साल सगळं बदलून गेलं. मार्चअखेर दलाई लामा सीमा ओलांडून तवांगच्या बाजूनं भारतात आले. ऑगस्टमध्ये सीमेवरच्या लोंगजूच्या चौकीवर चिन्यांशी चकमक झाली आणि तेव्हाच्या नेफाची, म्हणजे आजच्या अरुणाचलची, सीमा लष्कराकडे सोपवली गेली. ८ ऑक्टोबरला थोरातांनी आपलं मूल्यमापन लिहून वर पाठवलं.

त्या कागदातला मुद्दा कोल्हापूरच्या माणसाला चटकन कळेल. घोडखिंडीत बाजीप्रभूंचं काम शत्रूला संपवण्याचं नव्हतं, राजे विशाळगडी पोहोचेपर्यंत वेळ काढण्याचं होतं. मॅकमोहन रेषेवरच्या, म्हणजे तिबेटलगतच्या सीमेवरच्या, चौक्यांचं कामही तेवढंच, असं थोरात म्हणत होते. तिथवर आपले रस्ते नाहीत, तोफा चढत नाहीत, शिधा विमानातून टाकावा लागतो. म्हणून खरी लढाई मागे, बोमडिला, झिरो, आलाँग अशा ठाण्यांच्या ओळीवर द्यायची. तिथं आपली रसद जवळ, आणि खिंडी उतरून आलेल्या चिन्यांची लांब. त्यासाठी किती फौज, किती सामान लागेल तेही मांडलं होतं. लष्करप्रमुख थिमय्यांनी कागद संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांच्यापुढे ठेवला. मेननना तो घबराट पसरवणारा वाटला.

थोरात गप्प बसले नाहीत. मार्च १९६० मध्ये लखनौला त्यांनी 'लाल किल्ला' नावाचा युद्धसराव घेतला आणि चीन चालून आला तर काय घडेल हे वरिष्ठ अधिकाऱ्यांसमोर टप्प्याटप्प्यानं मांडून दाखवलं. पुढच्या वर्षी मे महिन्यात थिमय्या निवृत्त झाले. आपल्या जागी लष्करप्रमुख म्हणून त्यांची पसंती थोरातांना होती, सरकारनं नेमणूक केली जनरल थापरांची. थापर ज्येष्ठतेनं वर होते, हे इथं सांगितलंच पाहिजे. आपल्याकडे गोष्ट सांगताना ते बहुतेक वेळा गाळलं जातं. थोरातही त्याच महिन्यात निवृत्त झाले.

वर्षाअखेरीस चौक्या आणखी पुढे न्यायचं धोरण आलं, कागदाच्या नेमकं उलट. ऑक्टोबर १९६२ मध्ये नेफातल्या नामका चू नदीकाठी ब्रिगेडियर दळवींची ब्रिगेड थंडीत, अपुऱ्या दारूगोळ्यावर उभी होती. ती काही तासांत मोडली आणि दळवी कैद झाले. नोव्हेंबरात बोमडिला पडलं. मेनन यांचं मंत्रिपद गेलं, त्यांच्या जागी यशवंतराव चव्हाण दिल्लीला गेले. थोरातांना नेहरूंनी बोलावून घेतलं. ती भेट थोरातांनी आत्मचरित्रात लिहून ठेवली आहे: नेहरूंनी तो कागद वाचला आणि हा आपल्याला आधी का दाखवला नाही, असं विचारलं.

निवृत्तीनंतर त्यांनी महाराष्ट्र लोकसेवा आयोगाचं अध्यक्षपद सांभाळलं, नंतर कोल्हापुरात राहिले. १९९२ साली त्यांचं निधन झालं. त्या पराभवाची चौकशी करणारा हेंडरसन ब्रुक्स आणि भगत या लष्करी अधिकाऱ्यांचा १९६३ चा अहवाल सरकारनं अजूनही जाहीर केलेला नाही. थोरातांचा कागद मात्र त्यांनी स्वतःच आपल्या पुस्तकातून लोकांसमोर ठेवला.