क्रूझवरून एका दिवसाचं क्वालालंपूर: कोणते कागद लागतात, कोणता अर्ज कधी भरायचा

सिंगापूरहून सुटणाऱ्या तीन-चार रात्रींच्या क्रूझचा एक थांबा बऱ्याचदा पोर्ट क्लांगचा, म्हणजे मलेशियातल्या क्वालालंपूरजवळच्या बंदराचा असतो. जहाज सकाळी धक्क्याला लागतं, संध्याकाळी सुटतं आणि मधल्या वेळात क्वालालंपूर बघून यायचं. ‘मलेशियाला व्हिसा लागत नाही’ हे ऐकून लोक निर्धास्त होतात. ते खरंही आहे, पण माणसं अडकतात ती परत सिंगापूरला उतरताना.

म्हणून आधी सिंगापूर. भारतीय पासपोर्टवर सिंगापूरचा व्हिसा लागतो. क्रूझवाले तिथे दोनदा प्रवेश करतात, एकदा विमानाने आणि एकदा जहाजाने. ई-व्हिसा हातात आला की त्यावर एकच प्रवेश आहे की मल्टिपल, हे स्वतः वाचा. एजंटच्या ‘होऊन जाईल’वर विसंबू नका. या व्हिसासाठी १४ए हा अर्जाचा फॉर्म, प्रवासाच्या तारखेपासून किमान सहा महिने वैध असलेला पासपोर्ट आणि पांढऱ्या पार्श्वभूमीवरचा ३५ बाय ४५ मिलिमीटरचा ताजा फोटो लागतो. विमानाच्या तिकिटांबरोबर क्रूझचं बुकिंगही जोडा, म्हणजे दोन प्रवेश का हवेत ते कागदावरच दिसतं. अर्ज अधिकृत व्हिसा एजंटमार्फत जातो आणि प्रवासाच्या आधीच्या ३० दिवसांत करायचा असतो.

आता मलेशिया. भारतीयांना १ डिसेंबर २०२३ पासून ३० दिवसांपर्यंतच्या मुक्कामाला व्हिसामाफी आहे. वाढवलेली मुदत ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत. त्यानंतरची क्रूझ असेल तर बुकिंगआधी खात्री करा. मात्र एमडॅक, म्हणजे डिजिटल आगमन कार्ड, भरावंच लागतं. पोहोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत, मलेशियाच्या इमिग्रेशन खात्याच्या साइटवर, फुकट. पैसे मागणारी साइट दिसली की बाहेर पडा. मुलांचाही अर्ज वेगळा.

हा फॉर्म विमानाने येणाऱ्यांना डोळ्यांपुढे ठेवून केल्यासारखा वाटतो, त्यामुळे क्रूझवाले तिथे गोंधळतात. प्रवासाचा प्रकार ‘सी’ (समुद्रमार्ग) निवडा. फ्लाइट नंबरच्या रकान्यात जहाजाचं नाव लिहा. आधीचं बंदर सिंगापूर. येण्याची आणि जाण्याची तारीख एकच. मुक्कामाच्या पत्त्याशी आमच्या गटातल्या एक काकू ठेचकाळल्या आणि त्यांनी सरळ डोंबिवलीचा पत्ता टाकला. तिथे ‘अदर्स’ निवडून जहाजाचं नाव आणि पोर्ट क्लांगचं क्रूझ टर्मिनल लिहायचं. नाव पासपोर्टवर आहे तस्संच. वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव पासपोर्टात असेल तर ते गाळू नका. ईमेलवर आलेल्या पुष्टीचा स्क्रीनशॉट ठेवा, जहाजावरचं वायफाय महाग पडतं.

परतीसाठी सिंगापूरचं आगमन कार्ड पुन्हा भरायचं. विमानाने येताना भरलेलं इथे चालत नाही. तेही फुकट आणि तेही शेवटच्या तीन दिवसांतच, त्यामुळे घरून निघतानाच उरकता येत नाही. क्लांगला उतरलात, फोनला रेंज आली, की बसमध्ये बसल्या बसल्या भरून टाका.

टर्मिनल पुलाऊ इंदा बेटावर आहे, लोकल ट्रेनच्या पेलाबुहान क्लांग स्टेशनपासून बरंच लांब. ‘स्टेशन जवळच असेल’ असं धरून चालू नका. शहरात पोहोचायला रस्त्याने एक ते दीड तास, म्हणजे येण्याजाण्यातच तीन तास गेले. उरलेल्या वेळात बाटू केव्ह्ज या गुहांमधल्या मंदिराच्या २७२ पायऱ्या आणि पेट्रोनास टॉवर्स एवढंच धरा. सोमवार असेल तर टॉवर्स फक्त खालून. वरची गॅलरी त्या दिवशी बंद असते. बाटू केव्ह्जला गुडघे झाकणारे कपडे हवेत. पासपोर्ट जहाजावर जमा करून घेतला असेल तर त्याची रंगीत प्रत आणि जहाजाचं कार्ड बरोबर ठेवा.

आपापलं फिरणार असाल तर जहाजावर परतायची वेळ बसच्या नव्हे, ट्रॅफिकच्या हिशोबाने धरा. जहाजाच्या स्वतःच्या सहलीची बस अडकली तर सहसा थांबतात. तुमच्या टॅक्सीसाठी कुणी थांबत नाही.