पाणबुडीच्या एसीतला गॅस

आपल्याकडे एसी गार करेनासा झाला की मेकॅनिक येऊन सांगतो गॅस लीक झालाय, भरावा लागेल, आपण पैसे देतो नि विषय संपतो. 1940 च्या जूनमध्ये तांबड्या समुद्रात असाच गॅस लीक झाला आणि इटलीच्या पाणबुड्यांची वाट लागली.

दोन महायुद्धांच्या मधे इटलीने पाणबुड्या बांधायचा सपाटाच लावला होता, युद्धात उतरले तेव्हा शंभराच्या वर होत्या. त्यातल्या 8 तांबड्या समुद्रावरच्या मसावा बंदरात, म्हणजे इरिट्रियात, ती तेव्हा इटलीची वसाहत. तिथला उकाडा जीवघेणा, त्यात पाणबुडी म्हणजे बंद लोखंडी डबा, आत मोटारी, बॅटऱ्या नि चाळीस-पन्नास माणसं, म्हणजे एसी हवाच. त्यात गॅस होता मिथाइल क्लोराइड. तेव्हाच्या फ्रिजमधेही तो असायचा, उणे 24 डिग्रीला उकळतो त्यामुळे गारवा मस्त देतो, पण विषारी! अमोनिया गळला तर नाक झोंबतं, माणूस पळत सुटतो. याला रंग नाही, वास पुसटसा गोड, आणि घाव थेट मेंदूवर, म्हणजे गरगरतं, जीभ जड होते, झोप येते, भास होतात, बघणाऱ्याला वाटावं प्यायलाय. बिनविषारी फ्रेऑन गॅस अमेरिकेत 1930 च्या आसपास आलेला होता, तरी हा!

वर तरंगताना झाकण उघडलं की हवा खेळते. युद्धात मात्र दिवसभर बुडी मारून बसायचं, मग गळलेला गॅस जाणार कुठे?

मसावाच्या त्या आठातल्या मकाल्ले पाणबुडीचे खलाशी असेच भ्रमिष्ट झाले आणि 15 जूनला पाणबुडी सुदानजवळच्या एका ओसाड बेटाच्या खडकावर चढली. एक खलाशी तिथेच गेला, बाकीच्यांना आठवड्याने गुल्येल्मोत्ती या दुसऱ्या पाणबुडीने उचललं. आर्किमेदे पाणबुडीवर 4 जण दगावले. पर्ला ही पाणबुडीसुद्धा किनाऱ्याला रुतली, पण ती कशीबशी सुटली.

इटालियन नौदल म्हटलं की लोक हमखास टिंगल करतात, मला ते नाही पटत, ज्याला भास होतायत तो नकाशा काय वाचणार?

आणि हीच पर्ला, खरं तर किनाऱ्यालगत वापरायची छोटी पाणबुडी, मार्च 1941 मधे मसावा ब्रिटिशांच्या हाती पडायच्या आधी निघाली, वाटेत जर्मन जहाजाकडून तेल घेत अख्ख्या आफ्रिकेला वळसा घालून मे महिन्यात फ्रान्सच्या बोर्दोला पोचली.